आधी दोर, मग तलवार

मांडवघाटच्या जुन्या बाजारात तलवार घ्यायला आलात, तर दुकानदार चहा सांगेल, भाव सांगणार नाही. आधी तो तुमच्यापुढे काथ्याचा दोर ताणून धरील. तलवारीने तो तुटला, तरच पुढचे बोलणे. आता गोऱ्या अंमलदारांच्या मिरवायच्या तलवारी त्या. त्यांना मुळात धारच नसते. इथे ती मुद्दाम लावतात. जुन्या मालाचे शौकीन हळहळतात, पण रिवाज कोणी मोडत नाही. त्यामागे याच बाजारातले जुने दुकानदार नारोशेट हेगिष्टे आहेत, असे सांगतात.

नारोशेटांना या तलवारींचे वेड होते म्हणे. पलटण हलली की साहेबाच्या सामानाच्या लिलावात शेट पहिले हजर. सोनेरी मूठ, जरीचा गोंडा, पात्यावर वेलबुट्टी! खाडीच्या हवेने पाते गंजू नये म्हणून प्रत्येक म्यानाचे तोंड ते लाखेने बंद करीत. एकदा त्यांच्या पत्नीने, द्वारकाबाईंनी, त्यांतली एक शिकलगाराकडून धार लावून आणली आणि नारळ फोडायला चुलीपाशी ठेवली. शेट महिनाभर बोलले नाहीत.

"कापत नाही ती कसली हो तलवार?" बाई म्हणत.

मग पूर आला. घाटावरची होडी माणसांनी भरली, द्वारकाबाईही तीत. होडीचा दोर होता घाटाच्या लाकडी खांबाला. पाणी चढले, गाठ बुडाली, फुगून आवळली. होडीचे नाक खाली ओढले जाऊ लागले.

"शेट, दोर तोडा!" तांडेल ओरडला.

शेट दुकानातून तलवारींची मोळीच घेऊन आले. लाख सुटेना. दातांनी कुरतडली, म्याने दगडावर आपटली. एक पाते निघाले, ते दोरावरून नुसते घसरले. दुसरे वाकले. शेटांना रडू फुटले. होडीत पाणी शिरले, पोरे किंचाळू लागली.

"अहो, माझी आणा! नारळाची!"

ती घेऊन शेट छातीभर पाण्यात उतरले आणि वेड्यासारखे घाव घालत सुटले. दोर तुटला. होडी सुटली, खालच्या वळणावर काठाला लागली. आतले सगळे वाचले. शेट मात्र पुन्हा दिसले नाहीत. पाणी ओसरले तेव्हा शेवटच्या घावाने खांबात रुतलेली तलवार तेवढी सापडली.

द्वारकाबाई दुकानात बसल्या. उरलेल्या म्यानांची लाख त्यांनी स्वतः फोडली आणि सगळी पाती शिकलगाराकडे धाडली.

आजही ती तलवार खांबातच आहे. गोंडा केव्हाच कुजला, मूठ गंजली. नारळी पौर्णिमेला बाजाराचा पहिला नारळ त्या मुठीवर फुटतो, आणि तो बाईनेच फोडायचा.