गेनबाने केलेली रागाची राखण

फार फार वर्षांपूर्वी, पाखरं माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात गेनबा नावाचा शेतकरी होता. जोंधळ्याची राखण करावी तर त्यानेच! हातात गोफण घेऊन तो शेतातल्या माळ्यावर चढला, की पार पलीकडच्या बांधावर बसलेली चिमणीही त्याला दिसायची. मग तो ओरडायचा, "हाऽऽ हूऽऽ!" आणि पाखरं भुर्रकन उडून जायची.

पण बाबांनो, या गेनबाचा राग काय सांगू तुम्हाला! नाकाच्या शेंड्यावरच बसलेला. भाकरी करपली म्हणून ओरडायचा, आणि नाही करपली तर आज कशी नाही करपली म्हणून ओरडायचा. त्याची लेक हौसा लग्नाची झाली होती. पहिले पाहुणे आले, त्यांच्या बैलाने कडब्याला तोंड लावलं. गेनबाने गोफण फिरवली ती थेट पाहुण्यांच्याच दिशेने. दुसरे पाहुणे "पाणी जरा मचूळ लागतंय" एवढंच म्हणाले, तर याने तांब्या भिरकावला. दोन्ही सोयरिकी मोडल्या.

आता पंधरा दिवसांनी तिसरे पाहुणे हुरडा खायला येणार होते. त्यांचा मुलगा हौसाने जत्रेत पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता.

"आबा, या खेपेला तरी..." एवढंच बोलून ती चुलीकडे वळली. तिचे डोळे भरले होते. ते गेनबाने पाहिलं. तो शेतात जाऊन माळ्यावर बसला, पण त्याला गोफण काही उचलवेना.

तेवढ्यात माळ्याच्या खांबावर एक म्हातारा पोपट येऊन बसला. एका पायाने लंगडा होता बिचारा, आणि तो पाय गेनबाच्याच दगडाने गेला होता.

"काय रे, आज दगड संपले वाटतं?" पोपट म्हणाला.

गेनबाने त्याला सगळं सांगितलं. "राघू, मला आधी कळतच नाही रे. राग येतो, सगळ्याची नासधूस करतो, आणि मग मला कळतं."

"एक विचारू? तू ओरडलास की आम्ही का उडतो? दगडाला भिऊन? अरे, तुझे शंभरातले नव्याण्णव दगड ढेकळांत पडतात! तू ओरडलास की आम्हाला कळतं, आपण याला दिसलो. एकदा दिसलो की कणसात चोच घालायची मजाच जाते. तुझा रागही तसाच आहे. तो येऊन बसतोय तोवरच त्याला बघ. जरा स्वतःची राखण कर."

गेनबाला हे पटलं. घरी येऊन तो ओसरीवर ठाण मांडून बसला आणि राखण करू लागला. कुणाची? बायकोची!

"भागा, बघ, भांडं आपटलंस! मला राग यावा म्हणूनच ना?" मग शेजाऱ्याच्या खोकण्यावर नजर, मग त्याच्या कुत्र्यावर. दिवस मावळेपर्यंत त्याची तिघांशी भांडणं झाली, त्यातलं एक कुत्र्याशी.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून पोपट हसता हसता खांबावरून पडायचाच राहिला. "अरे शहाण्या, दुसऱ्यांची शेतं राखत बसलास आणि तुझं सगळं फस्त झालं की! राग आला की कान कुणाचे तापतात? तुझे की भागाचे?"

"माझे," गेनबा ओशाळून म्हणाला.

"मग तिथं बघ ना!"

गेनबा बघू लागला. आधी कान तापतात, मग दात आवळतात, मग मूठ वळते. हे दिसलं रे दिसलं, की जन्माच्या सवयीने त्याच्या तोंडून आरोळी निघायची, "आला! हाऽऽ हूऽऽ!" आणि काय नवल, राग खरंच उडून जायचा. दोनदा उशीर झाला, दोन मडकी फुटली, ते सोडा. पण भर बाजारात, भजनात, न्हाव्यापुढे बसलेला असताना अशा आरोळ्या! भागाने तर त्याच्यावरून दोनदा लिंबू उतरवून टाकलं.

शेवटी पाहुणे आले. शेतात आगटी पेटली. हौसा कणसं भाजत होती, भागा चटणी वाढत होती. मुलाच्या बापाने हुरड्याचा बकाणा भरला, थोडा चावला आणि म्हणाला, "हुरडा जरा जून झालाय, नाही?"

अरे देवा! हुरड्याला जून म्हणायचं, तेही गेनबाच्या? हौसाचा हात आगटीवरच थांबला. भागाने डोळे मिटले. गेनबाचे कान तापले, दात आवळले, हात गोफणीकडे गेला. आणि तेवढ्यात त्याला तो दिसला!

"आला! हाऽऽ हूऽऽ!"

पाहुणे दचकून असे उडाले, की त्यांचं पागोटं चटणीत पडलं. ते उचलून मुलाचा बाप तावातावाने म्हणाला, "ही काय पाहुण्यांना वागवायची रीत झाली? चला, उठा!"

"पाव्हणं, तुम्हाला नाही हो!" गेनबा हात जोडून म्हणाला. "माझा राग आला होता, त्याला हाकललं. मी असाच हाकलतो."

मग मुलाची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अहो, तुमचाही आलाय बघा. कान लाल झालेत. हाकला की!"

पाहुण्यांनी कानाला हात लावून पाहिला. कान खरंच तापला होता. ते खो खो हसत सुटले आणि पुन्हा मांडी घालून बसले.

गेनबाने आगटीजवळचं कणीस उचललं, चोळलं, चार दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. राग आता उडून गेला होता, म्हणून चव कळली.

"पाव्हणं," तो म्हणाला, "जूनच आहे की हो. तुमचं बरोबर आहे."

मागे ज्या पाण्याला पाहुणे मचूळ म्हणाले म्हणून त्याने तांब्या भिरकावला, ते पाणीही मचूळच असेल, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. हौसाचं लग्न तिथेच आगटीपाशी ठरलं, आणि त्या वर्षापासून गेनबाने जोंधळ्याची एक ओळ लंगड्या पोपटासाठी राखून ठेवली.

तात्पर्य: येणारा राग ज्याला स्वतःत दिसतो, त्यालाच समोरच्याचं खरं ऐकू येतं.