दुकानात चालणारा टीव्ही

"दुकानात चार-चार तास चालतो, मग इथंच का बंद पडतो?" रोहिणीनं तिसऱ्यांदा विचारलं.

मकबूलचाचांची नजर टीव्हीच्या पडद्यावर. विट्यात चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेला हा माणूस शकुबाईंच्या घरी खुर्चीत नुसता बसून होता.

रोहिणी त्यांची शिष्या. आयटीआयला पहिली आलेली. हा टीव्ही तिनं दोनदा दुकानात नेला होता. आधी कपॅसिटर बदलले, मग पॉवर सप्लायचं अख्खं कार्डच बदललं. घरी आणून लावला की पुन्हा तेच.

पलंगावर शकुबाईंचे यजमान पडून होते. अर्धांगानं वाचा गेलेली. त्यांना दिवसभर सोबत टीव्हीचीच.

"आज नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला दाखवते," शकुबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, थकून. आणि चहा टाकायला आत गेल्या.

"चाचा, उघडू?"

"बस."

"पण बघायला तर पाहिजे..."

"बघतोयच की."

बातम्या चालल्या होत्या. दहा मिनिटं गेली. वीस... पडदा काळा झाला. लाल दिवाही गेला.

रोहिणी पेचकस घेऊन उठली. चाचांनी हात आडवा केला.

शकुबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसले, टीव्हीमागं वाकल्या आणि भिंतीतली पिन अंगठ्यानं दाबली.

टीव्ही लागला.

"हे रोज करता?" चाचांनी विचारलं.

"दिवसातनं चार-पाच वेळा."

"हिला बोलला नाहीत?"

"ही आली की टीव्ही उचलायची नि निघायची. मला वाटलं, तिला ठाऊक असेल."

रोहिणीनं बटण बंद करून पिन काढली. चटका बसावा इतकी गरम. भिंतीतलं सॉकेट सैल होऊन आतून काळं पडलेलं.

मेन स्विच पाडून तिनं नवीन सॉकेट बसवलं. मग तासभर दोघं तिथंच थांबले. टीव्ही चालू राहिला.

परतताना रस्त्यात तिनं विचारलं,

"म्हणजे मी काढून टाकलं ते सगळं... चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"मीटर लावता येतो मला. कार्डं वाचता येतात. पण असं नुसतं बसून राहणं... ते तुम्ही कधी शिकलात?"

चाचांनी आपली आखडलेली बोटं उघडमीट केली.

"हातात स्क्रू धरवेनासा झाला, तेव्हा."