धोरासरची पांढरी वाट

थरच्या वाळवंटातल्या धोरासर गावाच्या पश्चिमेला वाळूवर पांढऱ्या कापडाचे पट्टे अंथरलेले दिसतात. कडांवर दगड, आणि प्रत्येक पट्ट्याचं टोक तिकडच्या विहिरीकडे. पाहुण्यांनी विचारलं की म्हातारे सवाईराम आपला उंट खाली बसवतात आणि सांगू लागतात.

महायुद्धाच्या काळात म्हणे एक बॉम्बफेकी विमान धुळीच्या वादळात वाट चुकून गावावरून गेलं. आवाज पश्चिमेकडे विरला तो कायमचाच. साहेबलोकांनी खूप शोधलं. मग तेही थकले आणि गाव विसरून गेलं.

पुढे एका दुष्काळात धापू नावाची बाई हरवलेल्या सांडणीच्या मागावर, कुणी जात नसे इतकी दूर गेली. एका टेकाडाआड तिला ते विमान दिसलं. वाळूत पोटावर बसलेलं, जवळजवळ धड. आधी ती घाबरली, पण राहवेना म्हणून आत डोकावली. आत कुणीच नव्हतं. मग माणसं गेली कुठं?

थोड्या अंतरावर पांढऱ्या रेशमाचा बाण होता, दगडांखाली दाबलेला. उडी मारायची छत्री फाडून केलेला. शोधायला येणाऱ्यांना आपली वाट कळावी, म्हणून त्यांनी तो मांडला असावा. पुढे दुसरा, मग तिसरा. सगळे दक्षिणेकडे. शेवटच्या बाणापाशी हाडं होती. विहीर मात्र उत्तरेला होती, विमानापासून सकाळभराच्या चालीवर. धापू तिथंच बसून रडली, असं सांगतात.

ती नवऱ्याला, पेमारामला, घेऊन परत आली. दोघांनी हाडं पुरली. पेमाराम म्हणाला, "रेशीम घरी नेऊ. पोरांना कपडे होतील."

"नको. हे आता पाण्याकडं वळवायचं."

"मेलेल्यांना वाट दाखवून काय होणार?"

"मेलेल्यांना नाही. पुढं येणाऱ्याला."

गाव तिला हसलं. पण पुढच्याच उन्हाळ्यात परमुलखातला एक उंटवाला विहिरीवर येऊन कोसळला. वादळात त्याचा तांडा सुटला होता, आणि रेशमाच्या मागोमाग तो रांगत आला होता. गाव हसायचं थांबलं.

विमानाचे पत्रे केव्हाच लोकांनी नेले. ते टेकाड कुठलं, हेही कुणी खात्रीनं सांगत नाही. पण आजही अक्षय्यतृतीयेला बायका विरलेले पट्टे काढून नवे अंथरतात.

"त्या उंटवाल्याचं काय झालं?" पाहुणे हमखास विचारतात.

सवाईराम उंटाची दोरी हातात घेतात. "इथंच राहिला. बाप माझा तो."