उंबराच्या ढोलीतले भोपळे

त्या राज्यात भांडणं उदंड होती, आणि दुसऱ्याचं भांडण पंचांपुढे मांडायचं काम करकोच्यांकडे होतं. काळं अंग, पांढरी मान आणि बोलणं लांबलचक. ज्याचा दावा असेल त्यानं नदीकाठच्या उंबराशी यायचं आणि वाळल्या भोपळ्यात तोंड घालून सगळं खरं सांगायचं. करकोचे वर मातीचं बूच बसवत आणि भोपळा ढोलीत टांगत. बूच काढणाऱ्याला आतलं बोलणं जसंच्या तसं ऐकू येई.

ढोलीच्या तोंडाशी वामनराव नावाचे एक आखूड पायांचे करकोचे बसत. करकोच्यांत सगळ्यांत थोर होते दाजीसाहेब. त्यांनी भोपळा मागायचा आणि वामनरावांनी द्यायचा, अशी रीत. एकदा वामनरावांनी "कशाला हवाय?" एवढंच विचारलं, तर दाजीसाहेबांनी त्यांना चारचौघांत टोचून काढलं होतं. "मला विचारतोस? मला?" त्यानंतर कोण कशाला विचारतंय!

एका हरिणीचा पाणवठ्यावरून तरसाशी दावा लागला. आपलं बिऱ्हाड पाणवठ्यालगतच आहे हे दाखवायला पाडस कुठं लपवते ते सांगणं भाग होतं, पण ती तयार होईना. दाजीसाहेब म्हणाले, "अहो बाई, आमच्यापासूनच लपवलंत तर दावा उभा कसा राहणार?" बिचारी भोपळ्यात बोलली.

तरस काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं भृंगराज पक्ष्याला हाताशी धरलं, कारण हा पक्षी कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो. भर दुपारी झाडीआडून दाजीसाहेबांचा आवाज आला, "वामन, हरिणीचा भोपळा बाहेर ठेव. घाई आहे. बघत काय बसलास!" वामनरावांनी तो मुकाट्यानं बाहेर ठेवला.

तरसानं बूच काढून ऐकलं आणि पाडस लपवल्याचं हरिणीनं सांगितलेल्या जाळीत तो सरळ घुसला. नशीब, जाळीत लाल मुंग्या निघाल्या म्हणून हरिणीनं पाडस सकाळीच हलवलं होतं. ती लांबून बघत होती. ती जागा तिनं भोपळ्याखेरीज कुणालाच सांगितली नव्हती.

"माझं लेकरू मुंग्यांनी वाचवलं," ती उंबराखाली येऊन म्हणाली. "तुम्ही नाही." एवढं बोलून ती निघून गेली.

दाजीसाहेब वामनरावांवर चवताळून गेले. "तू विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला विचारायचं कुणी, दाजीसाहेब?" वामनराव म्हणाले.

दाजीसाहेबांना मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नियम घातला. रोज सकाळी सगळ्यांनी मिळून नवी खूण ठरवायची. खूण सांगेल त्यालाच भोपळा, आणि तोही फक्त त्याच्याकडच्या दाव्याचा. खूण नसेल त्यानं संध्याकाळी सगळे परतेपर्यंत बाहेर थांबायचं. यावर करकोच्यांनी केवढा कलकलाट केला! "म्हणजे आम्ही चोर का?" "आपल्याच घरात पहारा?" तरी नियम टिकला.

काही दिवसांनी हरिणी पुन्हा आली. तिला दावा सोडून द्यायचा होता. पाणवठा तरसाला गेला तर जाऊ दे, पण आपलं गुपित आता इथं नको, असं तिनं ठरवलं होतं. ती वामनरावांशी बोलणार, एवढ्यात वेतांमागून आवाज आला, "वामन, हरिणीचा भोपळा दे! पंच बसलेत, घाई आहे!"

हरिणी दोन पावलं मागे सरली.

"खूण?" वामनरावांनी विचारलं.

"अरे, मी दाजीसाहेब!"

"असाल. खूण सांगा."

वेत बाजूला झाले आणि खुद्द दाजीसाहेबच बाहेर आले, चिखलानं माखलेले, धापा टाकत. सकाळी त्यांना उठायला उशीर झाला होता आणि खूण ठाऊक नव्हती. त्यांची चोच वर गेली. वामनरावांनी डोळे मिटून घेतले, पण जागा सोडली नाही.

चोच खाली आली. "बरोबर आहे तुझं," दाजीसाहेब पुटपुटले. पंचांना आज थांबावं लागेल असा निरोप त्यांनी एका करकोच्याबरोबर पाठवला आणि ढोलीपासून दूर, भर उन्हात एका पायावर उभे राहिले.

हरिणी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती वामनरावांकडे वळली.

"एखादा रिकामा भोपळा आहे का?" तिनं विचारलं. "पाडसाची नवी जागा सांगायची आहे."

वामनरावांनी भोपळा पुढे केला. तिनं त्यात तोंड घातलं, आणि उन्हात उभ्या असलेल्या दाजीसाहेबांनी मान नदीकडे फिरवली.