बाजाराचा एकच हार

एका जंगलात पाणवठ्याच्या काठी मोठा बाजार भरत असे. माकड फळे विकी, साळू कंदमुळे विकी, मुंगी धान्य विकी. पाणी प्यायला आलेला प्राणी परतताना काही ना काही घेऊन जाई, म्हणून सगळ्यांचे बरे चालले होते. या दुकानदारांचे एक व्यापारी मंडळ होते. माकड त्याचे अध्यक्ष आणि मुंगी खजिनदार. "आपले मंडळ राजकारणात पडत नाही," असे माकड प्रत्येक सभेत सांगे. मुलांनो, जो हे न विचारता सांगतो, तो बहुधा गळ्यापर्यंत बुडालेला असतो.

पुढे जंगलाचा म्हातारा मुखिया वारला. त्याच सुमारास गव्यांच्या कळपाने तक्रार केली, की दुकानांमुळे पाण्याची वाट अडते. बाजार उचलून माळावर न्या. याचा निकाल नवा मुखिया देणार होता आणि त्या जागेसाठी कोल्हा आणि लांडगा उभे होते. माळावर ना पाणी, ना गिऱ्हाईक. तिकडे जाणे म्हणजे धंदा बुडणेच. मंडळाने घाईघाईने सभा बोलावली.

साळू म्हणाली, "दुकानं जरा मागे घेऊ या. गव्यांना वाट मिळाली, की तक्रारच राहणार नाही."

माकड हसले. "साळूबाई, तुम्ही आपले कंद विका. निवडून कोणीही येवो, तो आपला असला म्हणजे झालं. आपण दोघांचाही सत्कार करू."

"सत्कार दोन करा, पण हार एकच मिळेल," मुंगी म्हणाली. "गुंजांचा आहे, कोमेजायचा नाही. आणि सत्कारमूर्ती तो गळ्यात पडला, की लगेच काढूनच ठेवतात."

हे मात्र खरे होते. त्या जंगलात हार गळ्यात ठेवून बसणे असभ्य मानले जाई.

सकाळी मंडळ कोल्ह्याच्या गुहेत गेले. माकडाने हार घातला आणि म्हटले, "कोल्हेसाहेब, अख्खा बाजार तुमच्या पाठीशी आहे." कोल्ह्याने रिवाजाप्रमाणे हार काढला, मुंगीने उचलला. संध्याकाळी तोच हार लांडग्याच्या गळ्यात पडला आणि फक्त नाव बदलून तेच वाक्य त्याच्या कानी पडले. लांडग्याने हार काढताना क्षणभर नाकाशी धरला.

लांडगा निवडून आला. माकडाला आनंद झाला. हार घेऊन मंडळ पुन्हा हजर! माकडाने तो मोठ्या प्रेमाने लांडग्याच्या गळ्यात घातला आणि म्हटले, "मुखियासाहेब, आपल्या बाजाराचं तेवढं बघा."

या वेळी लांडग्याने हार काढला नाही. मान खाली घालून त्याने तो सावकाश हुंगला.

"अध्यक्ष, या हाराला अजून कोल्ह्याचा वास येतोय," तो म्हणाला. "मागच्या वेळी तर त्याचे केससुद्धा अडकलेले होते."

माकड चाचरत म्हणाले, "साहेब, ते... आमच्या मनात तसं काही नव्हतं."

"गव्यांनी मला मत दिलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं. त्यांचं मन मला कळतं. तुमच्या मनात काय आहे, ते मला आजही ठाऊक नाही. बाजार माळावर जाईल."

बाजार माळावर गेला. तिथे वारा होता, धूळ होती, गिऱ्हाईक मात्र फिरकेना. साळू न खपलेले कंद पुन्हा पुन्हा रचत बसे. माकडाशी ती बोलत नसे, आणि माकडालाही तिच्याकडे बघायची लाज वाटे. मुंगीने तेवढा तो हार नीट पुसून खुंटीला टांगला होता.

"पुढच्या मुखियाच्या वेळी लागेल," ती म्हणाली.

तात्पर्य : दोन्ही दारी आपलेपणा मिरवणाऱ्याला गरजेच्या वेळी एकही दार उघडत नाही.