कुंभाराचा उजवा हात

ही गोष्ट गेल्या माघातल्या एका मंगळवारी, कृत्रिम अवयव दुरुस्त करणारे दत्ताराम मेस्त्री यांनी आपल्या कार्यशाळेत सांगितली. शक्य तितक्या काटेकोरपणे ती अशी:

एका गावात रखमाजी नावाचा कुंभार राहत होता. अपघातात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. शहरातल्या केशरशेठच्या दुकानातून त्याने यंत्राचा हात आणला. तो चालवणारा प्रोग्राम इंदुमतीबाईंनी लिहून एका अटीवर सर्वांना मोकळा दिला होता: यंत्र विकणाऱ्याने प्रोग्रामचा पूर्ण मजकूरही द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला तो बदलता येईल.

हात भरलेली घागर सहज उचली, पण ओल्या मातीला लागताच तिचा चेंदामेंदा करी. रखमाजी म्हणे, "हा घागर उचलतो, घडवत नाही."

त्याची सून हेमलता प्रोग्राम लिहायला शिकलेली होती. तिने मजकूर वाचला, पकड हलकी केली आणि बदललेला प्रोग्राम हातात भरला. हात लुळा पडला. केशरशेठने आपल्या गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या सांकेतिक आकड्याने, मोहोर केलेला प्रोग्रामच तेवढा त्यात चालत असे.

"मामंजी, बदल बरोबर आहे," ती म्हणाली. "हातच शेठशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"माझ्या मनगटाला बांधलाय, आणि ऐकतो शेठचं?" म्हणत रखमाजी उठला आणि शेठच्या दुकानात गेला.

केशरशेठ हसला. "मजकूर दिला की नाही? अट पाळली. बदला की खुशाल! तो चालवून देईन, असं कुठं लिहिलंय?"

शब्दशः ते खरे होते. हाताने चेपलेले एक मडके रखमाजीने भाजले, काखोटीला मारले आणि इंदुमतीबाईंचे घर गाठले.

बाईंनी मडके फिरवून पाहिले. त्यावर पाच बोटांचे पाच खड्डे होते.

"चूक माझ्या अटीत आहे," त्या म्हणाल्या.

दिलेली जुनी आवृत्ती परत घेता येत नव्हती. पुढच्या आवृत्तीला मात्र त्यांनी नवी अट जोडली: असे यंत्र लोकांना विकणाऱ्याने, बदललेला प्रोग्राम त्याच यंत्रात चालवण्यासाठी लागणारी किल्ली आणि माहितीही द्यावी.

वर्षभर केशरशेठ जुनीच आवृत्ती विकत राहिला. वर्षभर रखमाजी डाव्या हाताने पणत्या थापत राहिला. भट्टी त्याने विझू दिली नाही. सुधारणा मात्र नव्या आवृत्तीत होत गेल्या, आणि गिऱ्हाइके तीच मागू लागली. अखेर नवी आवृत्ती आणि किल्ली घेऊन शेठ स्वतः रखमाजीच्या अंगणात आला.

"तुमच्या बदलानं हात बिघडला, तर हमी माझी नाही हं."

"नसू दे. हात माझा, बिघाडही माझा."

हेमलताने आपला बदल भरला. चाक फिरले. बोटे मातीला टेकली आणि तिथेच थांबली. मडके उभे राहिले.

ते मडके शेठने मागून नेले आणि त्याच्या दुकानात आजही त्यातलेच पाणी पितात, असे मेस्त्री म्हणाले. एवढ्या भागाची खातरजमा मात्र कधीच होऊ शकली नाही.

तात्पर्य: बदलण्याची मुभा देणाऱ्याने बदललेले चालवण्याची वाटही मोकळी ठेवावी, नाहीतर ती मुभा कागदावरच राहते.