गोतिएची घागर

सन अकराशे एकोणऐंशी, जून महिना. गव्हाची मळणी चालली होती. जॉर्डन नदीपलीकडच्या काळ्या गडाचा धनी गोतिए लढाई हरून परतत होता. बाप फ्रान्सहून धर्मयुद्धाला आलेला, हा गडावरच जन्मलेला. वय वीस. तहानेनं जीभ टाळूला चिकटलेली.

वाटेत ऐन-दुरा गावची विहीर लागली. तिथली रीत साधी होती. काठावर भरलेली घागर असायची. ती प्यावी आणि पुढच्या वाटसरूसाठी आपल्या हातानं शेंदून पुन्हा भरून ठेवावी. पुढचा कोण, हे विचारायचं नाही. वर्दा नावाची म्हातारी विहीर राखत असे.

गोतिए घटाघटा प्यायला आणि घोड्याकडे वळला. वर्दानं दोर पुढे केला. त्याच्याबरोबरचा एक स्वार म्हणाला, "म्हातारे, धन्याला पाणक्या समजलीस काय?" सगळे हसले.

"धनी गडावर," वर्दा म्हणाली. "इथं नुसता तहानलेला."

गोतिए निघून गेला. त्या दिवसापासून त्याची तहान भागली नाही, असं म्हणतात. त्यानं रांजण रिते केले, डोंगरावरचा बर्फ आणवला. सगळ्याला दोराची चव. तसाच तहानलेला तो बारा वर्षं लढला. तीन वेढे पडले, पण गड पडला नाही. तो कुणापुढे वाकला नाही.

मग ओळीनं तीन वर्षं पाऊस झाला नाही. गोतिए एकटा, पायी, तलवार न घेता, गडावरचं निशाण खांद्यावर टाकून विहिरीवर आला. वर्दा आता आंधळी झाली होती. पाणी इतकं खोल गेलं होतं की दोर पुरेना. जे निळं निशाण कुणा शत्रूला उतरवता आलं नव्हतं, ते त्यानं स्वतः फाडून दोराला जोडलं. तळहात सोलून निघाले. घागर भरली.

तेवढ्यात शत्रूचा स्वार आला. त्याचे ओठ फुटले होते. गोतिएनं घागर पुढे सरकवली. स्वार त्याच मुलखातला, त्याला रीत ठाऊक. प्यायला, दोर ओढला, घागर भरली आणि निघून गेला.

ती विहीर पुढे कधी आटली नाही, असं म्हणतात. आजही ऐन-दुरात नव्या दोराला निळी चिंधी बांधतात आणि पहिली घागर गोतिएच्या नावानं अनोळख्यासाठी ठेवतात.

त्या दिवशी शत्रूनं भरलेली ती घागर गोतिए प्यायला. पाण्याला पाण्याची चव होती. त्यानं पुन्हा दोर धरला, घागर भरून काठावर ठेवली. वर्दानं बोटं बुडवून पाहिली.

"फिटलं," ती म्हणाली.